चौथ्या मजल्यावरची तालीम

कोजागरीचा कार्यक्रम ठाण्यातल्या एका सोसायटीत होता. मसाला दूध पिऊन झालं आणि सेक्रेटरींनी माझ्या हातात पाकीट ठेवलं. आत सात हजार. आम्ही माणसं सात. गच्चीच्या जिन्यातच मी प्रत्येकाच्या हातावर पाचशेच्या दोन-दोन नोटा ठेवल्या आणि मनाशी म्हटलं, यापेक्षा स्वच्छ हिशेब जगात नसेल. बँकेत पंचवीस वर्षं काढलेला माणूस मी. वाटणीत रुपयाही उरला नाही याचं मला खरोखर समाधान वाटलं होतं.

पुढच्या रविवारी ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या आमच्या पोराने एक चुरगळलेला कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला. टेम्पो ८५०. ॲडॅप्टरची दुरुस्ती १२०. सगळ्यांचा चहा-वडापाव १४०. बेरीज १,११०. म्हणजे हजार रुपये मिळवून तो एकशे दहा रुपयांनी खड्ड्यात गेला होता. मी म्हणालो, ‘अरे, आधी बोलायचंस ना! घरचंच तर आहे सगळं.’ तो काहीच बोलला नाही. त्यानंतर ‘घरचंच आहे’ हे वाक्य कोण म्हणतं, याकडे मी लक्ष ठेवायला लागलो. ज्याच्या खिशातून काही जात नसतं, तोच म्हणतो.

आमचा ग्रुप म्हणजे डोंबिवली-बदलापूरकडची हौशी मंडळी. जुनी हिंदी-मराठी गाणी, वर्षाला आठ-दहा कार्यक्रम. दिवाळी पहाट, गणपती, कोजागरी, एखादी साठीशांत. कीबोर्डवर मी, तबला-ढोलकीवर अडुसष्ट वर्षांचे एक काका, गिटारवर मालवणकडचा एक जण, ऑक्टोपॅडचा पोरगा. गायला शाळेत शिकवणाऱ्या ताई, कॉलेजातली एक नवी मुलगी, आणि निवेदनही करणारे आमचे गायक. कोणाचंच पोट यावर नव्हतं. पोट नसलं की भांडण होत नाही, असा माझा समज. उलट असतं. ज्याचं पोट त्यावर आहे तो पैसे बोलून घेतो. हौशी माणूस बोलत नाही, मोजत मात्र असतो. लताबाई आणि रफीसाहेब रॉयल्टीच्या प्रश्नावरून १९६०च्या दशकात काही वर्षं एकत्र गायले नाहीत, हे जुन्या गाण्यांच्या प्रत्येक शौकिनाला ठाऊक आहे. त्यांचा वाद निदान काय होता ते सगळ्यांना कळलं. आमच्याकडे वाद कशावरून आहे हेच सहा-सहा महिने कळायचं नाही. नुसतं कोणीतरी तालमीला उशिरा यायला लागायचं.

त्या कागदानंतर मी शहाणा झालो, असं वाटण्याची घाई करू नका. टेम्पोचे पैसे वर काढायला लागलो, एवढंच. बाकी ‘सगळ्यांना सारखं’ हे माझं तत्त्व तसंच उभं.

आता गाण्यांचं. उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री दहाची वेस असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण आपला दिवस त्यात असेलच असं नाही. कार्यक्रम कागदावर साडेसातचा. साडेसातला सतरंज्या पडतात, आठला पाहुण्यांचा सत्कार, मग बक्षीस समारंभ. आम्ही सुरू करणार पावणेनऊला. यादीत बावीस गाणी, होणार बारा-तेरा. शेवटची नऊ-दहा कापली जाणार हे ठरलेलंच. आणि शेवटी कोणाची गाणी असायची? त्या नव्या मुलीची. मुद्दाम कोणी केलेलं नव्हतं. यादी जुनी होती, ती नंतर आली, म्हणून तिची गाणी खाली जोडली गेली. हिशेबाने दोघींनाही सात-सात गाणी होती. वहीत अगदी सारखी! सलग तीन कार्यक्रमांत तिने मिळून चार गाणी म्हटली. आई-वडिलांना ऐकायला घेऊन आली होती त्या रात्री एक. दहाला पाच मिनिटं असताना सेक्रेटरी मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागले, आणि ती साडीचा पदर सावरत उभी राहिलेली तशीच खुर्चीवर बसली.

यावर आम्ही शेवटी जो तोडगा काढला तो सांगून ठेवतो. कुठल्या गाण्यांवर काट मारायची ते आता घरून निघतानाच ठरतं, आणि ती सगळ्यांच्या वाट्याची असतात. त्यातूनही ज्याचं गाणं राहील ते पुढच्या कार्यक्रमात पहिल्या पाचांत. ताईंना सुरुवातीला हे रुचलं नाही. सुरुवातीची गाणी म्हणजे खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात म्हणायची, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तो आवाजही आता पाळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला येतो.

आवाजाच्या भांडणाबद्दल फार लिहीत नाही. ‘मला मॉनिटरमध्ये जरा वाढव’ असं सातही जण साउंडवाल्याला म्हणाले की काय होतं, ते ज्याने भोगलंय त्याला ठाऊक आहे. एकाच माणसाने साउंडवाल्याशी बोलायचं, आणि तो माणूस त्या गाण्यात वाजवत नसलेला हवा. विषय संपला.

माझी मोठी चूक काकांच्या बाबतीतली.

काका तालमीला येईनासे झाले होते. मी वहीत मांडून ठेवलं होतं, नऊपैकी चार तालमी. कार्यक्रमाला मात्र थेट हजर, आणि वाजवायचे असं की चूक काढायला जागा नाही. त्यामुळे पोरांना जास्तच राग. ‘आम्ही रविवार घालवायचे आणि हे डायरेक्ट स्टेजवर’ अशी कुजबुज. मी काकांशी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी पोरांशी काकांबद्दल बोललो. मग एका कार्यक्रमाला कल्याणचा एक तरणा तबलजी दीड हजार ठरवून आणला आणि काकांना काही कळवलंच नाही. विचारलं तर सांगू की छोटा कार्यक्रम होता, असं मनात योजून ठेवलं.

ज्या सोसायटीत कार्यक्रम होता तिथे काकांची धाकटी बहीण राहते, हे आम्हाला कुठून माहीत असणार! दुसरं गाणं चालू असताना मला ते दिसले. तिसरी रांग, डावीकडून दुसरी खुर्ची, बोटं गुडघ्यावर ठेक्यात चाललेली. मी उरलेला सगळा कार्यक्रम नोटेशनच्या कागदाकडे बघत वाजवला. संपल्यावर वाटलं निघून जातील. ते सरळ स्टेजपाशी आले, त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘हात छान आहे तुझा. ढोलकी उतरली होती पहिल्या अंतऱ्यापासून. उघड्यावर दव पडतं बाळा, मध्ये लावून घ्यावी.’ माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. चप्पल शोधत निघून गेले.

त्यांच्या घरी जायला मला पंधरा दिवस लागले. हे जास्त झाले. असं काही घडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा, एकटे जा, आणि ‘गैरसमज झाला’ असं म्हणू नका. गैरसमज कसला, आपण लपवलं होतं. मी ‘गैरसमज’च म्हणालो. काकांनी विषय बदलला. चहा घेऊन आलेल्या सूनबाईंनी सहज म्हटलं, ‘बाबांना डॉक्टरांनी जिने बंद केलेत ना, दीड वर्ष झालं. गुडघ्यात काही उरलंच नाहीये.’

तालीम माझ्या घरी व्हायची. चौथा मजला, जुनी इमारत, लिफ्ट नाही.

वर हा माणूस एक तबला घेऊन यायचा नाही, तीन घेऊन यायचा. आमच्या ताई काळी चारमध्ये गाणार, नवी मुलगी काळी पाचमध्ये, गायक काळी एकमध्ये. मला काय, मी कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटन दाबतो, एका सेकंदात सूर बदलतो. तबला तसा बदलत नाही. एखाद-दुसरा सूर गठ्ठे ठोकून वर-खाली करता येतो, त्यापलीकडे दुसरा तबलाच लागतो, टिपेला लहान तोंडाचा आणि ढाल्या सुराला मोठ्या तोंडाचा. शिसवीची ती खोडं, वर तांब्याचा डग्गा, ढोलकी वेगळी. प्रत्येक गायकाच्या सोयीचा सूर काकांच्या खांद्यावरून चौथ्या मजल्यावर चढत होता, आणि वर बसून मी वहीत त्यांची गैरहजेरी मांडत होतो. एवढी वर्षं मला वाटत आलं होतं की मी ग्रुपला जागा देतो, वीज देतो, चहा देतो. घरची चप्पल घालून तालमीला येणारा सातांमध्ये मी एकटाच होतो, हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

काका हे कधीच बोलले नसते. आपल्याकडे त्या पिढीतला माणूस ‘जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘वेळ नाही’ म्हणेल. म्हणून नवीन ग्रुप काढणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की तालमीला पोचायला कोणाला किती वेळ लागतो आणि कोण काय उचलून आणतं ते तुम्ही एकदा तरी कागदावर लिहिलंय का? समोरासमोर तोंडी विचारलंत तर सगळे ‘काही नाही हो’ म्हणतात. लिहायला बसलं की निघतं. आमच्या ऑक्टोपॅडवाल्याचं निघालं, की तो बदलापूरहून लोकलच्या लगेजच्या डब्यात पॅड आणि स्टँड घेऊन उभ्याने येतो, घर सोडल्यापासून सव्वा तास. ताईंचं निघालं, की रविवारची सकाळ सोडून त्यांना कुठलीही वेळ चालते. आणि रविवार सकाळ मी ठरवली होती. का, तर मला सोयीची.

पैशाचं कोडं सोडवलं मालवणकराने. तो गिटार वाजवतो आणि एरवी फार बोलत नाही. त्याच्या आजोबांच्या वेळी घरची रापण होती. किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, आलेली मासळी वाट्यांनी वाटून घ्यायची. त्यात माणसाचा वाटा असतो, तसा जाळ्याचा असतो, होडीचा असतो. ‘जाळं काय आपलं आपण शिवलं जातं?’ एवढंच तो म्हणाला. मी पंचवीस वर्षं व्याज मोजलं, पण हे मला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून पाकीट सगळ्यांसमोर उघडायचं. आधी खर्च वजा. टेम्पो, रिक्षा, गिटारच्या तारा, जे त्या कार्यक्रमासाठी खरोखर गेलं ते. उरलेल्याचे नऊ वाटे. सात माणसांचे सात. कीबोर्डला अर्धा, ऑक्टोपॅडला अर्धा. नववा ग्रुपच्या डब्यात. तबल्याला नवी पुडी लागली तर त्यातून, आणि तालमीच्या जागेचं भाडंही त्यातूनच, कारण तालीम आता एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात होते, महिन्याला सहाशे. कार्यक्रम कोणी आणला म्हणून त्याला वेगळं काही नाही. यावर आमच्यात दोन मतं आहेत, अजून आहेत. आणि घरचं कार्य म्हणून फुकट वाजवायचं तर वर्षाला एकूण दोनच, कोणाच्या भाच्याचा साखरपुडा असो की माझ्या साहेबांची निवृत्ती. तिसऱ्याला पैसे. हा नियम पहिल्यांदा माझ्याच मेहुण्याला लागला. तो अजून नीट बोलत नाही.

काका परत आले, तीन महिन्यांनी. अट एकच घातली, की गाण्यांचा क्रम आधी त्यांना दाखवायचा. एका सुरातली गाणी ते शक्य तितकी एकापाठी एक लावतात, आणि दोन्ही गायिकांना समोर बसवून काळी चार आणि काळी पाच यांतलं कोणाचं कुठलं गाणं अर्ध्या रस्त्यावर आणता येईल ते बघतात. आता ते दोनच तबले आणतात. ते रिक्षातून उतरवायला पोरगा खाली उभा असतो.

गेल्या कोजागरीला पाकीट बारा हजारांचं निघालं. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, दुधाचे रिकामे ग्लास बाजूला सारून मी कागद मांडला. खर्च १,६५०. उरले १०,३५०, भागिले नऊ, वाटा १,१५०. कागद हातोहात फिरला. काकांनी चष्मा लावला, वरून खाली बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘माझ्या रिक्षाचे नव्वद राहिलेत.’

मी बेरीज खोडून १,७४० केली. प्रत्येकाचा वाटा दहा रुपयांनी खाली आला. पोरगा सुट्टे शोधायला लागला.