रुग्णाच्या उशाशी असलेला पेशा

बारावीचा निकाल आणि त्यापाठोपाठ ‘नीट’चे गुण हाती आले, की विरार-नालासोपाऱ्यापासून वसई गावापर्यंतचे पालक एकच सवाल घेऊन येतात: मुलाला आणखी एक वर्ष क्लासला बसवावे, की घर गहाण टाकून परदेशी वैद्यकीय महाविद्यालयात धाडावे? दोन वेळा मनापासून प्रयत्न करूनही ज्याला यश आले नाही, त्याला केवळ नातेवाइकांत मान राहावा म्हणून तिसऱ्यांदा जुंपणे हा निखालस अन्याय आहे. फिजिओथेरपी, प्रयोगशाळा, क्ष-किरण या वाटांची माहिती सर्वत्र मिळते. तिची पुनरुक्ती येथे करीत नाही.

मला बोलायचे आहे ते, ज्याचे नाव काढताच पालकांच्या कपाळावर आठी उमटते, त्या रुग्णसेवेच्या कामाविषयी. वसईच्या वाड्यांतून मुले आखातात, कॅनडात स्थायिक झाली आणि मागे वृद्ध आईवडील उरले, अशी घरे थोडी नाहीत. तेथे रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत माणूस मागविला जातो. रुग्णालयात त्याला मावशी, मामा, वॉर्डबॉय म्हणतात, घरी आयाबाई किंवा केअरटेकर, पावतीवर अटेंडंट, कौशल्य-प्रमाणपत्रावर जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड, ओंटारिओत पर्सनल सपोर्ट वर्कर. हुद्द्यागणिक मेहनताना आणि मान बदलतो, हातातले काम मात्र बहुतांशी तेच राहते.

आणि ते काम अडाण्याचे नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, माकडहाड व टाचा यांवरची त्वचा लाल होते आहे काय हे रोज पाहायचे. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची आणि नंतरही काही वेळ त्याला आडवे होऊ द्यायचे नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला उठवताना खुर्ची त्याच्या धडधाकट बाजूला मांडायची, आणि हे सारे त्याच्या लज्जेला धक्का न लावता करायचे. यातले एक चुकले तर शय्याव्रण होतो, अन्न फुफ्फुसात जाते, हाड मोडते.

“आमची मुलगी लोकांची घाण काढणार काय?” असे विचारणाऱ्या गृहस्थांना मी उलट विचारतो, तुमच्या वडिलांची कूस कोण बदलते? विटाळाची जुनी कल्पना अद्याप आपल्या घरांतून गेलेली नाही, आणि या पेशाचा दर्जा व वेतन दोन्ही तिनेच खाली ठेवले आहेत. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रीचा लोकलप्रवास, परक्या घरातील एकटेपणा हे खरे आहे. ते मुलांपासून लपवू नये.

मात्र “सहा महिन्यांत नर्स व्हा” अशी जाहिरात दिसली, तर तेथे एक रुपयाही भरू नका. परिचारिकेचा एएनएम अभ्यासक्रम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचे. नोंदणीही त्याशिवाय होत नाही. काही महिन्यांच्या प्रशिक्षणाने रुग्णसहायक होता येते, आणि त्याने इंजेक्शन देऊ नये, कुटुंबाने कितीही आग्रह केला तरी. परदेशाच्या आमिषाविषयीही तेवढीच दक्षता हवी: ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या केअर वर्करची भरती बंद केली आहे, तेव्हा त्या नोकरीच्या नावाने कोणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि येथल्या ब्युरोत नाव घालण्यापूर्वी कुटुंब दरमहा किती देते, त्यातून ब्युरो किती कापतो, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, हे करारनाम्यात लिहून घ्या.