घरी येणारी शुश्रूषा

‘रुग्णास आता घरी न्यावे, येथे करण्यासारखे फारसे उरलेले नाही.’ कर्करोग बळावलेल्या रुग्णाच्या आप्तांना हे शब्द बहुधा रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या ऐकावे लागतात. रुग्ण घरी येतो. पण वेदना, धाप, शय्याव्रण आणि रात्रीची निद्रानाशाची घटका ही सर्व त्याच्याबरोबर घरी येतात. करण्यासारखे पुष्कळ असते. ते कोणी शिकवलेले नसते, इतकेच.

ही शिकवण देणारे एक केंद्र दिल्लीच्या आर. के. पुरम या सरकारी वसाहतीत आहे. एम्स आणि सफदरजंग ही मोठी रुग्णालये येथून जवळच. देशाच्या कानाकोपऱ्यातून बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे या वसाहतीत राहतात. त्यांत मराठी घरेही आहेत. सख्खे-चुलत सारे गावी आणि दोन खोल्यांत एक आजारी माणूस, अशी त्यांची अडचण. वसाहतीच्या सेक्टर १२ मध्ये ‘कॅनसपोर्ट’ या संस्थेचे कार्यालय आहे. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या हरमाला गुप्ता यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापन केली. डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक यांचे पथक रुग्णाच्या घरी जाते आणि या सेवेचे मूल्य घेतले जात नाही.

पथक घरी येते म्हणजे केवळ औषध देऊन जाते असे नव्हे. वेदना शून्य ते दहा या मापात कशी सांगावी व टिपून ठेवावी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी कशी बदलावी, कोरडे पडलेले तोंड कसे स्वच्छ ठेवावे, हे घरच्यांच्या हातून करवून घेतले जाते. समुपदेशकाचे काम याहून अवघड. आजाराचे नाव रुग्णापासून लपवण्याची आपल्याकडे रीत आहे. रुग्णाला ते बहुधा ठाऊक असते. मात्र घरच्यांना वाईट वाटेल म्हणून तोही गप्प राहतो. ही दुहेरी शांतता मोडण्यास बाहेरचा माणूस लागतो.

या सेवेला हॉस्पिस म्हणतात. युरोपात या शब्दाचा मूळ अर्थ वाटसरूंचा विसावा, आपल्या धर्मशाळेसारखा. आधुनिक अर्थाने पहिले हॉस्पिस सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला उघडले. भारतातील पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातले: १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालेले शांती आवेदना सदन. तथापि हॉस्पिस म्हणजे इमारतच, हा समज खरा नाही. केरळमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शिकून घेऊन घरोघरी हेच काम उभे केले.

सर्वांत मोठा अडसर आहे तो मॉर्फिनच्या भीतीचा. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. पण त्याच देशातील रुग्णाला तिच्यापासून बनणारी गोळी दुर्मीळ, हा विचित्र योग १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने घडला. अनेक परवाने गोळा करण्यापेक्षा बहुतेक रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया सोपी केली. मनातली अढी मात्र अद्याप आहे. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घड्याळ पाहून ठरावीक अंतराने घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे विरळा. बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत रेचक दिले जाते.

दुसरी भीती अशी, की हॉस्पिसचे नाव काढणे म्हणजे आशा सोडणे. यावर २०१० मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहण्याजोगा आहे. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत प्रारंभापासूनच उपशामक उपचार दिले गेले. त्यांना निराशेने कमी ग्रासले, अखेरच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले आणि तरीही ते अधिक जगले: मध्यक ११.६ महिने, तर इतरांचा ८.९. तेव्हा पथकाला बोलावायचे ते निदानानंतर लवकरच. अखेरच्या आठवड्यात नव्हे.

याच काळात घरातील व्यवहारही अडतात, आणि ग्राहकांना पुढील तरतूद बहुधा ठाऊक नसते. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा पैसे काढण्यासाठी चालतो. त्याची ओळख बँकेच्या परिचयाच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवावी लागते. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. ठसाही उमटवता येत नसेल आणि शाखेत येणेही अशक्य असेल, तर नमुन्यावर केलेली खूण याच रीतीने ग्राह्य धरतात; रक्कम कोण घेणार हेही खातेदाराने सांगावयाचे असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चारपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती विश्वस्त म्हणून. वारसांचा हक्क त्याने मिटत नाही. या नोंदी खातेदाराला स्वतः सांगता येत असतानाच शाखेत करून घ्याव्यात.