शून्य आणि एक : एका संशयाची गोष्ट

वरच्या वर्गांत संगणकाची ओळख करून देताना ‘संगणकास शून्य आणि एक हे दोनच अंक कळतात’ असे वाक्य आपण फळ्यावर लिहितो. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि पाठ तेथेच आटोपतो. शाळाभेटीच्या वेळी ‘मग या दोन अंकांनी दोनशे एक ही संख्या कशी लिहावयाची?’ असे विचारले, की वर्ग गप्प होतो. या पाठासाठी शिक्षकबंधु-भगिनींना एक गोष्ट व एक खेळ सुचवावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे. गोष्ट परदेशातील आहे. परंतु ती सांगितल्यावर वर्गात जी चर्चा होते, ती आपल्या गावची असते.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका अमेरिकेतील दूरदर्शनवर १९८७ ते १९९४ या काळात दाखविली गेली. १९८८ च्या फेब्रुवारीत दाखविलेल्या तिच्या एका भागाचे नावच मुळी अंकांत आहे : ११००१००१. एंटरप्राइज नावाचे अवकाशयान एका तळावर थांबलेले असते. त्याचा संगणक सुधारण्यासाठी परग्रहावरून बायनार जमातीचे कारागीर येतात. चणीने लहान, डोक्यावर केस नाहीत, आणि वावर नेहमी जोडीने. एकाने वाक्य आरंभावे व दुसऱ्याने ते पुरे करावे, अशी त्यांची बोलण्याची रीत. त्यांच्या ग्रहावरील सर्व व्यवहार एका प्रचंड संगणकाशी जखडलेले असल्यामुळे त्यांचा विचारही शून्य आणि एक याच चालीने चालतो.

यानावरील दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी रायकर याला हे पाहुणे कोठे तरी खटकतात. त्यांच्या कामात खोट नाही, वागण्यात उद्धटपणा नाही, हाती पुरावा तर काहीच नाही. तो त्यांना दरडावीत नाही, की हाकलीतही नाही. यानावरील एका तरुण मुलास त्यांच्यावर लक्ष ठेवावयास सांगतो.

येथे गोष्ट थांबवावी आणि मुलांना विचारावे : कारागीर चांगले की वाईट? माझा अनुभव असा, की बहुतेक मुले तत्काळ ‘वाईट’ म्हणून मोकळी होतात. कशावरून, असे विचारले तर ‘ते वेगळे दिसतात’, ‘दोघे मिळून बोलतात’ अशी उत्तरे येतात. ही उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत व त्यांवर तूर्त काही बोलू नये. संशय येणे वेगळे आणि आरोप करणे वेगळे, हा भेद मुलांना येथे व्याख्येवाचून कळू लागतो. पहारा ठेवावयास संशय पुरतो. शिक्षा द्यावयास पुरत नाही.

पुढे कारागीर रायकरला यानातील एक दालन दाखवितात. संगणकाच्या साहाय्याने तेथे हवा तो देखावा उभा करता येतो. रायकर १९५८ सालचे न्यू ऑर्लिन्स शहर मागतो, तेथील जॅझ संगीताच्या मैफलीत स्वतः ट्रॉम्बोन वाजवितो, आणि संगणकाने निर्माण केलेल्या एका चतुर स्त्रीच्या बोलण्यात रमून जातो. कप्तान पिकार्डही तेथे येऊन बसतो. लक्ष ठेवण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून आपण मैफलीत जाऊन बसणे, हा दोष केवळ अवकाशयानावरील अधिकाऱ्यांतच आढळतो असे नाही! इकडे यानात भयंकर बिघाड झाल्याचा खोटा इशारा होतो, सर्व माणसे खाली उतरतात आणि हे दोघे आत असतानाच यान तळ सोडून निघून जाते.

यान पळविले गेल्याचे ध्यानी येताच दोघे ते पाच मिनिटांत नष्ट व्हावे अशी योजना करतात व नियंत्रणकक्षात शिरतात. पाहतात तो चारही कारागीर निपचित पडलेले! ते पाहून पिकार्ड यान नष्ट करण्याची आज्ञा मागे घेतो. मग उलगडा होतो. बायनारांच्या सूर्यमालेतील एका ताऱ्याचा स्फोट होणार होता व त्याच्या आघाताने त्यांचा ग्रहव्यापी संगणक बंद पडणार होता. तेवढी सारी माहिती सुरक्षित ठेवून परत नेता येईल अशी जागा म्हणजे या यानाचा संगणक. ती माहिती मोकळी करण्याचा संकेत शोधावयाचा असतो, आणि तो कारागिरांच्या नावांत दडलेला असतो. चौघांची नावे एक-एक, शून्य-शून्य, एक-शून्य व शून्य-एक. ती ओळीने लिहिली की गोष्टीचे नाव तयार होते.

खेळ येथे घ्यावा. आठ मुले ओळीने उभी करावीत. वर्गाच्या उजव्या हाताच्या टोकापासून त्यांच्या गळ्यात १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशा पाट्या अडकवाव्यात. उभा राहील तो एक, खाली बसेल तो शून्य. ११००१००१ असे मांडले की १२८, ६४, ८ व १ उभे राहतात, बेरीज २०१. सर्व उभे राहिले तर २५५, आणि सर्व बसले तो शून्य धरून एकंदर मांडण्या २५६. ज्यांना वृत्तांची आवड आहे, त्यांनी आठ अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या मांडण्या किती होतील, हेही मुलांकडून काढून घ्यावे. तेच उत्तर येते.

आता मुख्य प्रश्न. शुद्धीवर आल्यावर कारागिरांना विचारले जाते, की तुम्ही सरळ मदतच का मागितली नाही? तुम्ही कदाचित ‘नाही’ म्हणाला असता, असे त्यांचे उत्तर. मागितले असते तर ती खात्रीने मिळाली असती. परंतु ज्यांना होय आणि नाही यांपलीकडे काही ठाऊकच नव्हते, त्यांना ‘नाही’चा धोका पत्करवला नाही.

हे उत्तर मी अन्यत्रही ऐकले आहे. नोकरीच्या आरंभी मी एका लहान वस्तीवरील शाळेत होतो. गणिताच्या पेटीतील तराजू व वजने एके दिवशी दिसेनाशी झाली. पाचवीतील एक मुलगा काही दिवस शाळा सुटल्यावर झाडलोटीच्या निमित्ताने मागे रेंगाळत असे, हे मी हेरून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सर्व वर्गासमोर त्याला उभे करून मी विचारले, ‘तराजू तू नेलास, होय की नाही?’ तो ‘नाही’ म्हणाला.

सायंकाळी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर तुरीची रास होती. त्याची आई आमच्या तराजूने एकेक किलो तोलून पोत्यात टाकीत होती, आणि मुलगा कोळशाने भिंतीवर रेघा ओढीत होता. मागल्या साली व्यापाऱ्याने मापात मारले, असा त्यांचा समज होता. या खेपेस वजन घरून करून न्यावयाचे होते. मुलाला मी बाजूला घेतले आणि मागितला असतास तर दिला नसता का, असे विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही नाही म्हणाला असता तर?’

मी तेथेच बसून रेघा मोजल्या. त्याच्या मोजणीत एक रेघ अधिक झाली होती, ती त्याने स्वतःच शोधून काढली. वर्गासमोर मी जो प्रश्न केला होता, त्याला दोनच उत्तरे होती, आणि ती मीच ठेवली होती, हे त्या रात्री परत येताना वाटेत मला सुचले.

पुढील सोमवारी एका कोऱ्या वहीवर ‘शाळेतून घरी नेलेल्या वस्तू’ असे नाव घालून ती कपाटाच्या दाराला दोऱ्याने बांधली. वस्तू, कशासाठी आणि केव्हा परत, असे तीन रकाने. पहिली नोंद त्याच मुलाच्या हातची होती : तराजू, तूर, शुक्रवार. शुक्रवारी तराजू आला. पारड्यांना तुरीची पूड लागलेली होती. ती त्याने शाळेच्या पायरीवर बसून पुसली.