दातांची तार फक्त दिसण्यासाठी नसते



सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलीचे दात पुढे असले की घरात विषय निघतो तो थेट लग्नाचा. "मॅडम, अजून लहान आहे ती, लग्नाच्या वेळी बघू," असं आया सांगतात. मुलाचे दात वाकडे असले तर विषयच निघत नाही. दातांना तार लावणं म्हणजे नटण्याचा खर्च, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. पण दात आधी चावायला असतात, मग हसायला. आणि चावणं बिघडलेलं मूल वर्गात ओळखणं वाटतं तितकं अवघड नाही.

शालेय पोषण आहारात खिचडी असते त्या दिवशी काहीच कळत नाही. खिचडी न चावताही गिळता येते. हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ असते त्या दिवशी बघा. एखादं मूल एकाच गालात घास ढकलत राहतं, एखादं प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट घेतं, एखादं सगळ्यांच्या शेवटी ताटावरून उठतं. ऊस, पेरू, हुरडा, टेंभरं असं काही खायला निघालं की ही मुलं पुढचे दात वापरतच नाहीत, तोंडाच्या कोपऱ्यातून दाढेनं तोडतात. आपण "हळू जेवतो" म्हणून सोडून देतो.

पटाशीचे दात तोडतात, सुळे फाडतात, दाढा दळतात, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतोच. त्यात एक गोष्ट जोडायला हवी. हे काम एकटा दात करत नाही, जोडी करते. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसतो. जात्याचा वरचा दगड खालच्यावर नीट बसला नाही तर पीठ जाडंभरडं पडतं आणि दळणाऱ्याचे हात मात्र दुखतात, तसंच इथे होतं. दात ३२ असले तरी प्रत्यक्ष एकमेकांना टेकतात किती, यावर घास किती बारीक होणार ते ठरतं. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी दातांच्या ठेवणीचे प्रकार पाडले तेव्हा त्यांनीही मोजमाप धरलं ते पहिल्या कायमच्या दाढांचं. वरची दाढ खालच्या दाढेवर कशी बसते, यावरून ते प्रकार पडले. आजही डॉक्टर तीच भाषा वापरतात.

चावण्याची ताकद मोजताही येते. ठराविक घास ठराविक वेळा चावायला देऊन तुकडे किती बारीक झाले ते चाळणीनं पाहतात, किंवा दोन रंगांचं च्युइंगगम चावायला देऊन रंग किती मिसळले ते पाहतात. अशा तपासण्यांत खालचा जबडा पुढे असलेली आणि समोरचे दात एकमेकांना टेकतच नसलेली मुलं मागे पडतात. उपचारानंतर फरक पडतो, पण तार काढली त्या दिवशी नाही. जबड्याच्या स्नायूंना चावण्याची जुनी सवय मोडून नवी लागायला वेळ जातो. तार लावल्यावर पहिले काही दिवस तर चावणं आणखी कठीण होतं, दात दुखतात. त्या दिवसांत डब्यात भाकरीऐवजी वरण-भात द्या, एवढंच.

आता "पूर्ण आरोग्य सुधारतं" या दाव्याबद्दल. दात सरळ केले की पचन सुधारतं, उंची वाढते, अभ्यासात लक्ष लागतं, असं ऐकायला मिळतं. यावर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही सावध राहा. नीट न चावलेलं अन्नही आपलं पोट बरंचसं पचवतं. मूल अशक्त असेल तर आधी त्याचं ताट आणि रक्तातलं हिमोग्लोबिन बघायला हवं. खरे फायदे जरा वेगळे आहेत. दाटीवाटीच्या दातांत ब्रश पोचत नाही, तिथे घाण साचून हिरड्या सुजतात. खालचे पटाशीचे दात वर टाळूला टोचत असतील तर तिथे जखम होते. एका बाजूला चावा आडवा बसत असेल तर मूल दाढा जुळवायला जबडा बाजूला सरकवतं, आणि वाढीच्या वयात जबडा तसाच तिरपा वाढू शकतो. शिवाय वरचे दात खालच्यांपेक्षा ३ मिलिमीटरहून जास्त पुढे असले तर पडून-आपटून दात तुटण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. कबड्डी आणि सायकल या दोन्हींच्या गावात ही गोष्ट लहान नाही.

एवढ्या सगळ्यांत पालकांच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट तारेची नाहीच, दुधाच्या दाढांची आहे. "पडणारच आहेत" म्हणून किडलेल्या दुधाच्या दाढा आपण तशाच ठेवतो किंवा काढून टाकतो. पण दुधाची दुसरी दाढ १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. तिच्या मागे साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते. ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, म्हणून कित्येक घरांत ती दुधाचीच समजली जाते, किडते आणि काढली जाते. पुढची दुधाची दाढ लवकर गेली तर ही सहाव्या वर्षाची दाढ पुढे सरकते, आणि नंतर येणाऱ्या उपदाढेला जागाच उरत नाही. मग ती आडवी येते किंवा आतच अडकते. पुढे दोन वर्षं तार लावून जी जागा करायची, ती तेव्हा एका साध्या भरणीनं किंवा जागा राखणाऱ्या छोट्या कडीनं वाचली असती. म्हणून पहिली-दुसरीच्या पालक सभेत मुलांचं तोंड उघडून ही दाढ पालकांना दाखवावी. बोट ठेवून दाखवली की लक्षात राहते.

पाचवीच्या पुढच्या वर्गात एक छोटा उपक्रम करता येतो. मुलांना घरून छोटा आरसा आणायला सांगा. मागच्या दाढा टेकवून ओठ बाजूला करायचे. सगळीकडे वरचे दात खालच्यांच्या किंचित बाहेर दिसायला हवेत. वहीच्या कागदाची पट्टी पुढच्या दातांत धरून हळूच ओढायची. दाढा टेकलेल्या असतानाही ती सहज सुटून आली तर समोरचे दात टेकत नाहीत. वरचे दात किती पुढे आहेत ते नजरेनंच बघा. साधी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. तेवढं अंतर असेल तर उपचाराची गरज मोठी समजावी. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मोजपट्टीत ६ मिलिमीटरच्या वरचं अंतर गरजेच्या वरच्या गटात येतं. कुणाचं नाव घेऊन वर्गात काही बोलू नका, पोरं चिडवायला टपलेलीच असतात.

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटरमागे १ मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. लहानपणी जास्त फ्लोराइडचं पाणी प्यायल्यानं दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते घासून जात नाहीत आणि तारेनंही जात नाहीत. मुलगा ब्रश करत नाही म्हणून त्याला रागावूही नये. मात्र अशा दातांवर तारेच्या चकत्या नीट चिकटत नाहीत, म्हणून गावचं पाणी कसं आहे ते डॉक्टरांना आधीच सांगा. दुसरी गोष्ट खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा खाऊन तोंडाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर वाकड्या दातांचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे जायचं.

तार लावायचं ठरलंच तर हिशेब आधी मांडा. दात हलतो तो त्याच्या मुळाभोवतीचं हाड एका बाजूनं विरघळून आणि दुसऱ्या बाजूनं नवं तयार होऊन, महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर. घाई केली तर मूळच झिजतं. म्हणून उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षं लागतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी जावं लागतं, म्हणजे पंधरा ते पंचवीस फेऱ्या. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. पण कोरपन्याहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. चंद्रपूरला खासगीत गेलं तरी दिवस मोडतोच, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत एक मजुरी बुडणं काय असतं ते मला सांगायची गरज नाही. तरीही मी म्हणेन, अर्धवट सोडण्यापेक्षा न लावलेली बरी. चकत्यांभोवती घाण साचून दातांवर पांढरे चट्टे पडतात, पुढे कीड लागते. कोण नेणार, पैसे हप्त्यानं भरता येतील का, दहावीचं वर्ष मध्ये येतं का, हे पहिल्या भेटीतच विचारा.

फुकटची एक वाट मात्र आपण पुरेशी वापरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. किडलेले दात आणि दुभंगलेले ओठ-टाळू या दोन्ही गोष्टी त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. पथक घाईत असतं, एका दिवसात शेकडो मुलं. आपण आधीच नावांची चिठ्ठी तयार ठेवली, "हिला चावता येत नाही, याची दाढ दुखते," तर तेवढी मुलं नीट तपासली जातात. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांना शस्त्रक्रियेनंतरही दातांची ठेवण सुधारून घ्यावी लागते, ते पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शस्त्रक्रिया झाली की काम संपलं असंच घरी वाटतं.

आणि तार निघाल्यावर मिळणारी ती काढता-घालता येणारी पट्टी, रिटेनर. ती घातली नाही तर दात हळूहळू जुन्या जागी परत जातात, दोन वर्षांच्या फेऱ्या पाण्यात. जेवताना मुलं ती काढून कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात, आणि कागद उष्ट्यासोबत बादलीत जातो. तिला एक झाकणाची डबी द्या, आणि डबीवर मुलाचं नाव टाका.