आधी फ्रेम ठरव, मग वॅट

चि. ओंकार यास,


रॉग अलाय हा हातातला गेमिंग संगणक टर्बोवर ठेवला की तासाभरात बॅटरी संपते, सायलेंटवर ठेवला की खेळ अडखळतो, मग मॅन्युअलमध्ये कोणते आकडे घालू, असं तू विचारलंस. आकडे मी देणार नाही. प्रत्येक खेळाचे ते वेगळे निघतात, आणि व्हिडिओत कुणीतरी सांगितलेले उचलून घातलेस तर पुढच्या खेळाला परत मलाच विचारशील. शोधायचे कसे ते लिहिते.

तुझ्या अलायची बॅटरी ४० वॅट-तासांची. टर्बोमध्ये बॅटरीवर असताना प्रोसेसरला २५ वॅटपर्यंत मुभा असते, चार्जर लावला की ३०. त्यावर स्क्रीन, मेमरी, एसएसडी, पंखा, वाय-फाय यांचे आठ-दहा वॅट धर. ४० ला ३५ने भाग. बॅटरी खराब नाही रे, गणितच तेवढं आहे! उलट बाजूही बघ: प्रोसेसर १२ वॅटवर आणलास तरी वेळ दुप्पट होत नाही, कारण ते वरचे आठ-दहा वॅट तसेच चालू राहतात. तास-सव्वातासाचे पावणेदोन-दोन तास होतील. त्यापेक्षा जास्त कुणी कबूल करत असेल तर तो हलका खेळ खेळतोय.

आता कमी वॅटमध्ये वेग निम्मा का होत नाही, ते. चिपमध्ये खर्च होणारी वीज वारंवारितेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वारंवारिता चढवायची तर व्होल्टेजही चढवावं लागतं. दोन्ही २० टक्क्यांनी वाढली तर वीज जवळजवळ ७३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे शेवटच्या थोड्याशा फ्रेम सगळ्यात महाग पडतात. तू आत्ता त्यांचीच किंमत मोजतो आहेस, आणि सात इंची पडद्यावर त्या दिसतही नाहीत.

म्हणून वॅटला हात लावायच्या आधी खेळाला सेकंदाला किती फ्रेम पुरे, ते ठरव. ‘एल्डन रिंग’ संगणकावर ६०च्या वर जातच नाही. त्याला १२०ची हौस कशाला? मी तर जड खेळांना ४० म्हणेन. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६०ला १६.७, आणि ४०ला २५. वेळेच्या मापात ४० बरोबर मध्यावर येतं. शिवाय तुझा पडदा १२० हर्ट्झचा, तीनने भागला की ४०. अलायच्या कमांड सेंटर मेनूमधून फ्रेमची मर्यादा घाल, पडद्यावरचे आकडे चालू कर आणि खेळातल्या सर्वांत जड जागी जा. मेनूत किंवा रिकाम्या खोलीत मोजमाप करू नकोस. तिथे १५ वॅटपासून एकेक वॅट उतरत जा. ४० डळमळायला लागलं की एक-दोन वॅट परत चढव. १५लाच ४० मिळत नसेल तर आधी सावल्या आणि रिझोल्यूशन कमी कर, वॅट त्यानंतर. ‘हॉलो नाइट’सारख्या खेळाला हे काही करू नकोस, सायलेंटचे १० वॅट भरपूर झाले.

मॅन्युअलमध्ये तीन पट्ट्या आहेत. एसपीएल म्हणजे सतत मिळणारी वीज, एसपीपीटी म्हणजे थोडा वेळ चालणारी, एफपीपीटी म्हणजे काही सेकंदांची उसळी. बॅटरीवर खेळताना तिन्ही जवळजवळ ठेव, वरच्या दोन्ही पट्ट्या दोन-तीन वॅटनेच जास्त. उसळी मोठी ठेवलीस तर पहिली मिनिटं झकास जातात आणि मग खेळ खाली बसतो. सतत ५५ ते ३५ हिंदकळण्यापेक्षा ठाम ४० डोळ्यांना कितीतरी बरं.

खूप खाली गेल्यावर खेळ एकदम का अडखळतो, हा तुझा खरा प्रश्न. सीपीयू आणि ग्राफिक्स एकाच चिपवर आहेत, एकाच टाकीतून दोन गल्ल्यांना पाणी. टाकी लहान केली की दोघांची ओढाताण. माणसांनी गजबजलेल्या शहरातून फिरायचं असेल तर सीपीयू ओढतो. अशा खेळाला आठ वॅटवर नेऊ नकोस, सरासरी ठीक दिसेल आणि धक्के मात्र बसतील.

नागपूरचा मे वेगळाच. खोलीच ४० अंशांची असेल तर पंखा तरी काय थंड करणार! या पहिल्या अलायमध्ये उष्णतेमुळे एसडी कार्डचा रीडर बिघडू शकतो, हे असूसने २०२३मध्ये स्वतः मान्य करून पंख्याचा वेग वाढवला होता. दुपारी टर्बो नकोच, आणि गादीवर ठेवून तर अजिबात नको. हवा मागून ओढली जाते.

३० वॅटच्या वर नेणारी साधनं तुझे मित्र सुचवतील. त्यातली काही विनरिंगझीरो नावाचा जुना ड्रायव्हर वापरतात, त्याला विंडोज डिफेंडरही धोकादायक ठरवतो. आणि मिळवायचं काय, तर त्याच महाग फ्रेम. मी तरी तुला परवानगी देणार नाही, आईला पटवलंस तरी.

या रविवारी ‘सायबरपंक’ घे. किती वॅटवर ४० टिकलं आणि बॅटरी किती वेळ चालली, दोन्ही कळव. तुझे आकडे आले की पंख्याच्या वेगाचं बघू.

तुझी,
मावशी