हुडकेश्वर ते लंडन : प्रवासाच्या आखणीचा एक पाठ
(इयत्ता सहावी व सातवीसाठी)

जगाचा भूगोल शिकविताना राजधान्यांची नावे मुलांकडून पाठ करून घेतली जातात. परंतु त्या नगरीस जावयाचे कसे, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. हुडकेश्वरसारख्या गावी तो विचारण्यास अडचण पडू नये. गावाच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर सोनेगावचा विमानतळ आहे. आकाशात विमानाचा आवाज आला की मुलांचे पुस्तकावरील लक्ष उडते. शिक्षकाने रागावू नये; पाठाचा आरंभ तेथूनच करावा. फळ्यावर एवढेच लिहावे : ‘हुडकेश्वरहून लंडनला जावयाचे आहे. समुद्राने जावे, जमिनीने की आकाशातून?’

प्रथम भिंतीवरील सपाट नकाशावर नागपूर व लंडन यांना जोडणारी सरळ रेघ पट्टीने दाखवावी. ती इराण व तुर्कस्तान यांवरून जाते. मग पृथ्वीगोलावर त्याच दोन ठिकाणी दोरा ताणून धरावा. दोरा अफगाणिस्तान, कास्पियन समुद्र, युक्रेन व पोलंड यांवरून, म्हणजे बराच उत्तरेकडून जातो. मुले चकित होतात आणि दोरा नीट धरला नाही असे म्हणतात. त्यांनाच तो धरू द्यावा. गोल पृथ्वीवरील सर्वांत जवळची वाट सपाट कागदावर वाकडी दिसते, ही गोष्ट हातात दोरा असल्यावाचून पटत नाही. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. गोलावरील विषुववृत्ताची लांबी दोऱ्याने मोजून त्रैराशिक मांडले, तर नागपूर–लंडन अंतर साडेसात हजार किलोमीटरांच्या आसपास येईल. पाच-सहा टक्क्यांची चूक माफ करावी.

आता समुद्रमार्ग. नागपूरहून मुंबईपर्यंतचे सुमारे साडेआठशे किलोमीटर आगगाडीने जावयाचे आणि पुढे बोट, अशी पूर्वीची रीत होती. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला, तोवर जहाजास संपूर्ण आफ्रिका खंडास वळसा घालावा लागे. कालव्याने मुंबई–लंडन सागरी मार्गातील सात-आठ हजार किलोमीटर वाचविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी १९३० च्या ऑक्टोबरात मुंबईहून बोटीने निघाले, ते सुमारे दोन आठवड्यांनी लंडनला पोचले. आज या मार्गावर मालवाहू जहाजे चालतात. प्रवाशांच्या नियमित बोटी राहिल्या नाहीत. युद्धामुळे कालवा १९६७ ते १९७५ पर्यंत बंद होता, हेही सांगावे.

जमिनीची वाट मुलांस सर्वांत नवलाची वाटेल, कारण लंडनहून हिंदुस्थानात बसने येता येते हे त्यांच्या कल्पनेत नसते. १५ एप्रिल १९५७ रोजी लंडनहून वीस प्रवासी घेऊन एक बस निघाली. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असे देश ओलांडीत ती ५ जून रोजी कलकत्त्यास पोचली. किती दिवस लागले, हे मुलांनी तारखांवरून काढावे. उत्तर ५१ येईल. पुढे या मार्गाने अनेक बसगाड्या आल्या आणि गेल्या. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली व वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा ती रहदारी थांबली. डोंगर, नद्या, वाळवंटे तीच होती. वाट बंद झाली ती माणसांमुळे.

आकाशात तरी नाकी नाहीत, असे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल. त्यास पुन्हा दोरा दाखवावा. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांस बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली, तेव्हा त्यांना दक्षिणेकडून वळसा पडला. मुंबईहून लंडनला भारतीय कंपनीचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आता न थांबता सुमारे दहा तास लागतात. येथे नागपूरचा अभिमानाचा विषय सांगण्यास हरकत नाही. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावी एकत्र येत आणि टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून परत जात.

वेळेचे एक उदाहरण घालावे. मुंबईहून विमान दुपारी २ वाजता निघाले व १० तास उडाले, तर लंडनच्या घड्याळात किती वाजले असतील? हिवाळ्यात तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून सायंकाळचे साडेसहा. उन्हाळ्यात तेथे घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणून साडेसात.

वाट ठरली तरी आखणी संपली नाही. ती शेवटाकडून उलट मोजीत करावयाची असते. लंडनला पोचण्याचा दिवस ठरला की त्याआधी तिकीट, तिकिटाआधी त्या देशाची परवानगी म्हणजे व्हिसा, व्हिसाआधी पासपोर्ट, आणि पासपोर्टाआधी जन्मतारखेचा पुरावा. व्हिसासाठी बोटांचे ठसे देण्यास ठरलेल्या केंद्रावर स्वतः जावे लागते. अनेक कुटुंबे तिकीट आधी काढून मग कागदांमागे धावतात. मुलांनी ही साखळी वहीत उलट क्रमाने लिहावी.

साखळीची पहिली कडी शिक्षकाच्या हातात आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांस पासपोर्टासाठी जन्माचा दाखलाच लागतो; त्याआधी जन्मलेल्यांस शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो. तो दाखला जनरल रजिस्टरावरून लिहिला जातो. ज्या रजिस्टरात अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला आढळतो, त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. नावाचेही तसेच. घरी ‘बाळू’, रजिस्टरात ‘बाळकृष्ण’, आधार कार्डावर इंग्रजी अक्षरे तिसरीच. शाळेत आडनाव आधी लिहितात. पासपोर्टावर नाव व आडनाव निराळ्या रकान्यांत जातात. वीस वर्षांनी नोकरीसाठी वा शिक्षणासाठी निघालेल्या मुलास या एका अक्षरापायी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. मुलगा शाळेत असेपर्यंत पुराव्यासह व वरिष्ठांच्या मान्यतेने दुरुस्ती करून घेणे सोपे असते; दाखला घेऊन गेल्यावर ती फार कठीण होते.

म्हणून गृहपाठ असा द्यावा : प्रत्येकाने घरून जन्माचा दाखला व आधार कार्ड यांवरील आपले, वडिलांचे व आईचे नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी वहीत उतरवून आणावी. दुसऱ्या दिवशी शिक्षकाने रजिस्टर उघडून एकेका मुलास जवळ बोलवावे व नोंदी ताडून पाहाव्यात. फरक आढळल्यास त्याच आठवड्यात पालकांस शाळेत बोलावून घ्यावे.