कडी बाहेरून होती

आमच्या गूळ पावडरीच्या युनिटचं नाव पुण्याच्या एका खरेदीदार कंपनीच्या यादीतून गेलं, ते माल खराब निघाला म्हणून नाही. फॉर्ममधल्या एका प्रश्नाला खरं उत्तर लिहिलं म्हणून गेलं. तुमच्या जागेत किंवा पुरवठादारांकडे सक्तीची मजुरी, मजुरांना डांबून ठेवणं असा प्रकार कधी आढळला का, असा तो प्रश्न होता. मी 'हो'वर खूण केली आणि काय घडलं, कसं थांबवलं ते खाली लिहिलं. आमच्याच भागातल्या दुसऱ्या एका युनिटने 'नाही'वर खूण केली. त्यांचा टेम्पो अजून पुण्याला जातो. गावात लोक म्हणतात, शहाणपणा नडला. नडू दे. पण नेमकं काय झालं ते एकदा लिहून ठेवतो.

आमच्या ढोकीत राहणाऱ्याला जून २०२३ चं विहीर-मजुरांचं प्रकरण सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की ढोकी पोलिसांनी वाखारवाडी आणि खामसवाडीच्या विहिरींवरून ११ मजूर सोडवले. कामाच्या शोधात निघालेल्या या माणसांना नगरच्या रेल्वे स्टेशनवर दलालांनी गाठलं आणि दोन ते पाच हजारांना ठेकेदारांना विकलं. दिवसाला १२-१४ तास खोदकाम, जेवण एकदा, शौचाला विहिरीतच बसायचं आणि पळून जाऊ नयेत म्हणून रात्री साखळी. त्यांच्यासोबतचा एक आधी निसटला, हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला, त्याने तक्रार दिली म्हणून हे सुटले. टीव्हीवर ढोकीचं नाव झालं ते असं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही युनिटसाठी विहीर काढायला घेतली. ठेकेदार लांबचा, दर परसावर, म्हणजे खोलीच्या मापावर, ब्लास्टिंगचे वेगळे. आदल्या वर्षीचं प्रकरण डोक्यात होतं, म्हणून करारात मी मुद्दाम लिहून घेतलं, की मजुरी वेळच्या वेळी द्यायची, कोणालाही बळजबरीने ठेवायचं नाही. त्याने वाचून सही केली. 'तुला आधी कळलं कसं नाही?' असं आता विचारणारे त्या विहिरीच्या काठावरून रोज जात होते, त्यांना काय कळलं? दिवसा क्रेन चालू असते, मुरूम वर येत असतो, माणसं धुळीने माखलेली असतात. त्यातून काय ओळखणार?

एका संध्याकाळी डिझेलच्या हिशेबाला गेलो तर ठेकेदार क्रेनचा पार्ट आणायला बाहेर गेलेला. एक मजूर जवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "मालक, ह्या गावाचं नाव काय हो?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मग कळलं, त्याला रात्री पिकअपमधून आणलं होतं आणि विहीर, खोली याच्या पलीकडे तो गेलाच नव्हता. फोन? ठेकेदाराकडे. मजुरी? "काम संपल्यावर देतो म्हनले." घरी शेवटचं कधी बोललास, यावर तो गप्प झाला. मी खोली बघायला गेलो. ती पत्र्याची खोली आम्हीच सिमेंट ठेवायला बांधलेली, ठेकेदाराला वापरायला दिलेली. दाराला बाहेरून कोरी नवी कडी होती, तिला कुलूप अडकवलेलं. आतल्या बाजूला पूर्वीची कडी नव्हती. स्क्रूची चार भोकं तेवढी उरली होती.

ठेकेदार परत आला तेव्हा ओशाळेल असं वाटलं होतं. कसला ओशाळतोय! "ही पिदाडी माणसं हैत साहेब. फोन दिला की पळतात. एकेकावर पैसे घातलेत मी, ते कोण भरणार?" बाजारातून बैल आणल्यासारखं बोलत होता. मी ऐकत नाही म्हटल्यावर परसामागे दर कमी करायला तयार झाला. म्हणजे त्याच्या हिशेबात मीही विकत मिळणारा. मी ११२ ला फोन लावला. पोलीस आले, मजूर त्यांच्या गावी गेले. विहीर अर्धवट राहिली आणि युनिटच्या संचालकांच्या बैठकीत काही जणांनी मलाच फैलावर घेतलं.

'एकेकावर पैसे घातलेत' हे वाक्य आमच्या भागात फार चालतं. विहिरीवर चालतं, वीटभट्टीवर चालतं, उसाच्या फडात तर त्यावरच हंगाम उभा असतो. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. त्याखाली वेठबिगाराचं असं कर्ज कायद्यानेच संपतं, ते वसूल करता येत नाही, आणि हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १९८२ साली, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच ठरवली. साखळीच लागते असं नाही. पोलिसांइतकंच तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी यांच्याकडेही जाता येतं. सुटलेल्या मजुराचं मुक्तता प्रमाणपत्र आग्रहाने मागा. केंद्राच्या योजनेत तातडीची ३० हजारांपर्यंतची मदत आहे, पुढच्या पुनर्वसनाच्या रकमेला ते प्रमाणपत्र लागतंच.

आता काय करायचं ते. करार करा, पण त्यावर विसंबू नका, माझ्याकडे तोही होता. मजुराला एकटं गाठून साध्या गोष्टी विचारा: गाव कोणतं, आज काय मिळालं, फोन कुठाय, घरी कधी बोललास. ठेकेदार शेजारी उभा असेल तर विचारूच नका, उत्तर खोटं येईल आणि रात्री त्या माणसाला मार बसेल. झोपायची जागा बघा आणि दाराची कडी बघा. आधार कार्डं ठेकेदाराच्या पिशवीत असतील तर तिथेच काम थांबवा. फार स्वस्त दर आला तर खूश होऊ नका. मजुरांशी माणुसकीने वागा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

उसाचं वेगळं आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला ३६६ रुपये झाले. चांगलं झालं. पण वजनकाट्याची पावती जाते वाहतूकदाराकडे, तिथून मुकादमाकडे, आणि ज्याने ऊस तोडला त्याला किती टन भरला हे कळतच नाही. मग उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली की नाही हे मुकादम म्हणेल तसं, आणि 'बाकी' पुढच्या हंगामाला. आम्ही आता प्रत्येक खेपेच्या पावतीची एक प्रत टोळीला देतो आणि उचलीची वही दोन ठिकाणी ठेवतो. वाहतूकदार कुरकुरले. कुरकुरू देत.

खरेदीदार कंपन्यांनाही सांगायचंय. इंग्लंडमध्ये २०१५ साली मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट आला, तिथल्या मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीबद्दल दरवर्षी निवेदन काढावं लागतं. त्यासाठीचा प्रश्नांचा कागद हातोहात येत येत पुण्यामार्गे आमच्या टेबलावर येतो. तुमचा तपासणी अधिकारी आला होता. त्याने आग विझवायचं सिलिंडर बघितलं, डोक्यावरच्या टोप्या बघितल्या, प्रथमोपचार पेटीचा फोटो काढला. फडातल्या कोपीवर चला म्हटलं तर अंधार पडायच्या आत पुणं गाठायचं होतं. आणि मी स्वतःहून सांगितलं तेव्हा तुम्ही 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' ऑर्डर थांबवली, ती चौकशी अजून चालूच आहे. सांगणाऱ्याला असं टाकलंत तर पुढच्या वेळी कोण सांगेल? सगळे 'नाही'वर खूण करतील आणि तुमचं निवेदन छान निघेल. त्यापेक्षा दर थोडा वाढवा, तो फडापर्यंत पोचतो का बघा, आणि सापडलेली गोष्ट सुधारायला मुदत द्या.

शेवटचं, पैशाचं. ठेकेदाराचं बिल माझ्याकडे बाकी होतं. त्यातून मी मजुरांची मजुरी साक्षीदारांसमोर थेट त्यांच्या हातात दिली, सह्या-अंगठे घेतले. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाकडून वसूल होऊ शकते, त्यामुळे हे करावंच लागतं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे, पूर्ण बिल मागणारी. पावत्यांच्या झेरॉक्स मी युनिटमध्ये, घरी आणि आमच्या वकिलाकडे ठेवल्यात. तुम्हीही ठेवा.